जोडीतली दुसरी बांगडी

आमच्या चर्चचं छत गळायचं ते नेमकं आमचे पाद्री अबूना रूमानोस यांच्या प्रवचनाच्या वेळी. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुरू होईपर्यंत ढग खाली समुद्रावर कुठेतरी रेंगाळत असायचे, आणि अबूनांनी घसा खाकरला की वरून टपटप सुरू. वेदीसमोर आम्ही दोन घमेली, एक मोठं पातेलं आणि अबूनांच्या बायकोचा कपडे धुवायचा निळा टब मांडून ठेवला होता. आमच्याकडे पाद्र्यांना लग्न करता येतं. प्रत्येकाचा आवाज वेगळा. प्रवचन लांबलं की माणसं मान खाली घालून कुठलं भांडं आधी भरतंय याचा अंदाज बांधत बसायची. मला वाटतं, अबूनांनाही ते ठाऊक होतं.

बैरूतहून एक इंजिनीअर बाई आली. शिडीवर चढून तिने कमानीचा चुना नखाने टोकरला, त्याची भुकटी हातावर घेतली, आणि खाली उतरून म्हणाली की आणखी दोन हिवाळे, म्हणजे आमच्याकडचे पावसाळे, हे छत राहिलं तर तो तुमच्या सैदेचा चमत्कार समजा. सैदे म्हणजे मरियामाता. घरातल्या मोठ्या बाईला कोणी नावाने हाक मारत नाही, तसं आमच्या कफर लोझ गावात तिलाही कोणी नावाने हाक मारत नाही. चर्च तिचंच आहे, आमच्या पणजोबांच्या पणजोबांनी डोंगराचे पिवळे दगड फोडून बांधलेलं.

दोष मात्र आमच्या बापांचा. पूर्वी छतावर मातीचा थर असायचा आणि दर पावसाआधी त्याच्यावरून दगडी रूळ फिरवावा लागायचा. मग माझ्या जन्माच्या सुमाराला गावाला नवीन व्हायची हौस आली आणि त्यांनी वर सिमेंट ओतलं. खालचा दगड श्वास घेईना, ओल धरून बसला, आतून बिस्किटासारखा भुसभुशीत झाला. ते सिमेंट खेचरांवर लादून आणलं होतं बू फारेस यांच्या वडिलांनी, आणि आता बू फारेसच जीर्णोद्धार समितीचे अध्यक्ष होते. कोणी आठवण करून दिली की ते म्हणायचे, तेव्हा तर सगळं गाव टाळ्या वाजवत होतं.

समितीची चिटणीस मी. कारण मला फ्रेंच लिहिता येतं. गावच्या शाळेत मी जन्मभर तेच शिकवलं. ब्राझील आणि ऑस्ट्रेलियात गेलेल्यांच्या मुलांना पत्रं लिहायची, छताचे फोटो पाठवायचे, आजोबांच्या आठवणी काढून जरा रडवायचं, हे माझं काम. मुलं चांगली निघाली, त्यांनी पाठवले पैसे. आम्ही ते शहाण्या माणसांसारखे बँकेत ठेवले, आणि मग ते वर्ष आलं जेव्हा देशातल्या बँकांनी लोकांच्या तोंडावर दारं लावून घेतली. पैसे आहेत, पण कोणाला दिसत नाहीत, पवित्र आत्म्यासारखे आहेत, असं बू फारेस म्हणाले तेव्हा अबूनांना खोकला आला.

त्यानंतर आम्ही जे जे सुचेल ते केलं. सणाला हरिसे शिजवून विकलं. गहू आणि मटण रात्रभर घोटून हात भरून आले. सोडतीत एक डिझेलची शेगडी ठेवली. ती बू फारेस यांच्याच मेव्हण्याला लागली आणि गावाला महिनाभर बोलायला विषय मिळाला. एवढं सगळं करून इंजिनीअर बाईने सांगितलेल्या कामाच्या एका कोपऱ्यालाही ते पुरलं नसतं.

मग एक दिवस अबूनांच्या स्वयंपाकघरात समिती बसली असताना बू फारेस कॉफीच्या कपाकडे बघत म्हणाले, "सोनं आहे की."

कोणाचं, असं कोणी विचारलं नाही. वेदीच्या डाव्या अंगाला सैदेची तसबीर आहे, काळवंडलेल्या लाकडावर रंगवलेली. तिच्याभोवतीच्या चौकटीला खिळे आहेत, आणि त्या खिळ्यांवर गावातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या बोललेले नवस लटकलेले होते. साखळ्या, कानातले, आणि सगळ्यात जास्त बांगड्या. आमच्याकडे लग्नात सोन्याच्या पिळाच्या बांगड्या जोडीने देतात. नवस बोलताना बाई त्या जोडीतली एक काढून सैदेला घालते. मागितलं ते मिळालं की दुसरी घालायची. तोवर दुसरी हातातून काढायची नाही, अंघोळीलासुद्धा नाही. दुसरी लटकली की घंटा वाजवतात, म्हणजे गावाला कळतं, कोणाचं तरी घर भरलं.

चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एकच बांगडी एकटी लटकलेली आहे. ती माझ्या आईची. तिची जोडीदारीण तेव्हा अजून आईच्या हातात होती.

सर्किस माझा मोठा भाऊ. वडील आम्ही लहान असतानाच गेले होते. देशातल्या यादवी लढाईच्या एका वर्षी मी खाली किनाऱ्यावर नन्सच्या शाळेत वसतिगृहात होते. रस्ते बंद होणार अशी कुणकुण लागली म्हणून तो शेजाऱ्याची गाडी मागून घेऊन मला आणायला निघाला. शाळेपर्यंत तो पोहोचलाच नाही. बंदूकवाल्यांच्या कुठल्या नाक्यावर त्याला गाडीतून उतरवलं, कोणी उतरवलं, याच्या कितीतरी गोष्टी आम्हाला नंतर सांगितल्या गेल्या, प्रत्येक गोष्ट शपथेवर. रस्ता बंद झाल्याचं कळलं त्याच दुपारी आई चर्चमध्ये गेली आणि बांगडी घालून आली. मी मात्र आले. नन्सनी मला एका ट्रकमध्ये सफरचंदांच्या रिकाम्या पेट्यांमागे बसवून वर पाठवून दिलं. मी दारात उभी राहिले तेव्हा आईने मला जवळ घेतलं, पण बघितलं माझ्या खांद्यावरून, मागच्या रस्त्याकडे. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि ते मला बरोबर कळलं.

तेव्हापासून आमच्या घराला एक नियम आहे. घर रिकामं सोडायचं नाही. तो येईल तेव्हा दार उघडायला कोणीतरी हवं. म्हणून आई पहाटेच्या मिस्सेला जाते आणि मी दहाच्या. लग्नाला एकीने जायचं, मयताला दुसरीने. आईच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला तरी ती बैरूतला गेली नाही, कारण ऑपरेशनला तिच्यासोबत मलाच जावं लागलं असतं. झाहले शहरातल्या एका माणसाने मला मागणी घातली होती. चांगला होता, जरा बडबड्या होता. मी गेले असते तर आई एकटी घराला बांधली गेली असती, तिला मिस्सासुद्धा मिळाली नसती. मी नाही म्हटलं, आणि का नाही म्हटलं ते आईने कधी विचारलं नाही.

आईचं नाव लतीफे. मी सोडून ते आता कोणाला आठवतही नसेल. थोरल्या मुलाच्या नावाने आईबापांना ओळखायची आमची रीत, म्हणून बू फारेस म्हणजे फारेसचे वडील, आणि ती उम्म सर्किस, सर्किसची आई. दूधवाला, शेजारीण, अबूना, सगळे अंगणात येऊन उम्म सर्किस, उम्म सर्किस करतात. जो घरात नाही त्याचं नाव दिवसभर घेतलं जातं, आणि जी घरात आहे तिचं कामापुरतं. मी हे रागाने म्हणत नाही असं म्हणायला मला आवडेल, पण ते खरं नाही.

अबूनांनी त्या बैठकीत नियम घालून दिला. सोनं विकायचं असेल तर जिने घातलं तिनेच ते स्वतःच्या हाताने काढायचं. ती गेली असेल तर तिच्या मुलाबाळांनी. समितीने हात लावायचा नाही. आणि आईला विचारायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

घरी आले तेव्हा आई अंगणातल्या टेबलाशी द्राक्षाची पानं वळत बसली होती. भाताची चिमूट पानावर ठेवायची, दोन बाजूंनी दुमडायची, बोटभर वळकटी करायची. तिला नीट दिसत नाही, पण बोटांना दिसतं. मी समोर बसून वळायला लागले आणि सगळं सांगितलं.

"ज्यांना काढायचंय त्या काढतील," ती म्हणाली. "माझं काम अजून तिच्याकडे पडलंय. अर्ध्यावरचं काम कोणी काढून घेतं का?"

"आई, छत पडलं तर तसबीर, बांगडी, सगळंच ढिगाऱ्यात जाईल."

तिने हातातलं पान वळून ताटात ठेवलं. मग म्हणाली, "तू समितीकडून आलीयस का घरातली आहेस?"

"घरातली."

"मग पानं संपव."

सोनं काढायच्या दिवशी चर्चमध्ये एवढी गर्दी झाली की ईस्टरलाही तेवढी होत नाही. बायका एकेक करून पुढे यायच्या, क्रूसाची खूण करायच्या आणि खिळ्यावरून आपलं आपलं काढून अबूनांच्या हातातल्या थाळीत ठेवायच्या. कोणी ओठ हलवत होती, कोणी डोळे पुसत होती. मादलेनने कानातले काढले तेव्हा ती सैदेला मोठ्याने म्हणाली, "नवऱ्याची पत्ते खेळायची सवय मोड म्हटलं होतं. तू नवराच मोडलास. असो, सुटले." तिच्यामागे उभ्या असलेल्या बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. बू फारेसनी त्यांच्या आईची साखळी काढली आणि ती थाळीत ठेवायच्या आधी ते बराच वेळ हातात धरून उभे राहिले. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा आवडले.

शेवटी चौकट उघडी झाली. नुसते खिळे, आणि वरच्या कोपऱ्यात आईची बांगडी. आई आली नव्हती. अर्थातच, मी तिथे होते तर तिला घरी असणं भाग होतं. मागून कोणीतरी पुटपुटलं की ती एकटी सगळ्यात वजनदार आहे. अबूनांनी थाळीवर कापड घातलं आणि वळून म्हणाले, "जिचं मागणं अजून पोहोचलेलं नाही तिच्याकडे आपण काही मागायचं नाही." त्यावर लोक घरी जाताना बरंच बोलले असतील.

छत उघडायचं म्हणजे तसबीर बाहेर काढायला हवी. कोणाच्या घरी ठेवायची यावर आठवडाभर वाद झाला. बू फारेस यांच्याकडे मोठा दिवाणखाना होता, पण ते रविवारी मुलाकडे खाली जायचे. अबूनांच्या घरी नातवंडांचा धुडगूस. मग अबूनांची बायकोच म्हणाली की ज्या घरात कायम कोणीतरी असतं अशा घरी ठेवा. असं घर गावात एकच आहे.

चार माणसांनी सैदेला आमच्या घरी आणलं आणि सर्किसच्या खोलीत त्याच्या टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलं. शाळेच्या हॉलमध्ये मिस्सा होऊ लागली. सकाळी कॉफी झाली की आई खुर्ची ओढून सैदेसमोर बसायची. सुरुवातीला जपमाळ घ्यायची. पुढे पुढे नुसत्या गप्पा मारू लागली, थंडी किती पडलीय, डिझेल किती महाग झालंय, कोणाच्या मुलाने कोणाशी लग्न केलं. कधी भांडायचीसुद्धा. एकदा मी दारातून ऐकलं, ती म्हणत होती, तुझाही मुलगा गेला, मला माहीत आहे, पण तुला तो कुठे आहे ते तरी कळलं. मी स्वयंपाकघरात परत गेले आणि भांडी जरा जोरात घासली. माझ्याशी ती इतकं कधी बोलली नव्हती. सैदेचा हेवा करायची वेळ माझ्यावर आली होती.

काम मात्र सुरेख चाललं. परांचीवर चढलेल्या माणसांनी सिमेंट छिन्नीने सोडवून खाली टाकलं. खराब दगड बदलले, जुन्या रीतीने चुना मळला. एका बाजूने कमान एखाद्या भाकरीसारखी नवी, फिकट दिसू लागली. पण वेदीच्या वरच्या भागापर्यंत पोहोचेतोवर सोन्याचे पैसे संपले. तो भाग उघडाच राहिला, वर ताडपत्री बांधून. इंजिनीअर बाई म्हणाली, पाऊस यायच्या आत तो बंद झाला नाही तर नवीन केलेलंही भिजेल आणि सगळंच वाया जाईल.

ऑगस्टच्या सुरुवातीला एका दुपारी बू फारेस घरी आले. मी कॉफी ठेवली. हवापाणी झालं, अंजिरं झाली, मग ते मुद्द्यावर आले. आई टेबलाच्या पलीकडे बसली होती, हात मांडीवर, उजव्या हाताने डाव्या हातातली बांगडी फिरवत. ती सवय तिची फार जुनी होती. बांगडीच्या आतल्या बाजूचे पीळ घासून सपाट झाले होते.

"उम्म सर्किस, तुमच्या दुःखाचा मान आहे सगळ्यांना," बू फारेस म्हणाले. "पण चाळीस वर्षं होत आली. आता तो..."

"बोला ना," आई म्हणाली. "आता तो काय? वाक्य पुरं करा, बू फारेस."

कॉफी अर्धी ठेवून ते उठले. आमच्याकडे माणूस अर्धी कॉफी ठेवून उठला तर त्याचा अर्थ चांगला नसतो, पण या वेळी मला त्यांची दयाच आली.

ते गेल्यावर मी कप उचलायला गेले आणि उचलले नाहीत. इतक्या वर्षांत जे कधी बोलले नव्हते ते त्या टेबलाशी उभी राहून बोलले. मी म्हटलं, "आई, तो मला आणायला गेला होता. ते मला माहीत आहे. सकाळी उठते तेव्हा माहीत असतं, झोपते तेव्हा माहीत असतं. पण मी आले ना. त्या ट्रकमधून उतरले ती इथेच आहे. तू अजून माझ्या मागे रस्त्याकडेच बघतेस."

आईने बांगडी फिरवायची थांबवली. मला वाटलं ती रडेल, किंवा मला बाहेर जा म्हणेल. ती उठली, भिंतीला हात लावत सर्किसच्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. त्या दिवशी ती सैदेशीसुद्धा बोलली नाही.

पुढचे दिवस आम्ही घरात एकमेकींना वाट देत वावरलो. जेवायला ये, औषध घेतलंस का, एवढंच. मला पश्चात्ताप होत होता आणि होतही नव्हता.

सैदेचा सण पंधरा ऑगस्टला असतो. अबूनांनी ठरवलं की ताडपत्री असो नाहीतर काही असो, सणाला तसबीर चर्चमध्ये परत जाणार आणि मिस्सा तिथेच होणार. कदाचित उघडं छत बघून कोणाचा तरी हात खिशाकडे जाईल, असंही त्यांच्या मनात असावं. सकाळी सगळं गाव आमच्या अंगणात जमलं. चर्चच्या बाजूने हरिसेच्या कढयांचा वास येत होता. चौघांनी तसबीर उचलली, बायकांनी गाणं सुरू केलं आणि मिरवणूक फाटकातून बाहेर पडली. आई तसबिरीच्या मागे. मी नेहमीसारखी ओट्यावर खांबाला टेकून उभी राहिले. सणाची मिस्सा एकच असते, आणि ती आईची असते.

फाटकाशी जाऊन आई थांबली. मागे वळून तिने हाक मारली, "विदाद, चपला घाल."

मला वाटलं तिला काहीतरी आणून हवंय. "काय राहिलं?"

"तू राहिलीस. चल."

"घरी कोण थांबणार?"

"कोणी नाही."

मी चपला शोधायला लागले आणि एकच सापडली, दुसरी सापडेना. इतक्या वर्षांत मला अशी घाई कधी झाली नव्हती. कुलपाची किल्ली घ्यायला आत वळले तर आई म्हणाली, "कुलूप नको. उघडंच राहू दे." आणि माझ्या दंडाला धरून चालायला लागली. रस्ताभर बायका वळून वळून आमच्याकडे बघत होत्या. आम्हा दोघींना एकत्र बघायची गावाला सवय नव्हती. आम्हाला तरी कुठे होती.

चर्चमध्ये चुन्याचा ओला वास होता. वेदीच्या वर निळी ताडपत्री वाऱ्याने फुगत होती आणि तिच्या कडेने आत येणारा उजेड जमिनीवर हलत होता. तसबीर तिच्या जागी टेकवली. अबूनांनी मिस्सा सुरू करायला हात उचलला, तेवढ्यात आई माझा दंड सोडून पुढे गेली. तिने डाव्या हातातली बांगडी ओढली. मला वाटायचं ती आता कधी निघणारच नाही, कापावी लागेल. ती सहज निघाली. हात इतका बारीक झाला होता आणि मला कळलं नव्हतं. आईने चौकटीवर हात फिरवून वरचा कोपरा शोधला आणि पहिल्या बांगडीशेजारच्या खिळ्यावर दुसरी लटकवली.

दुसरी बांगडी म्हणजे काय ते तिथल्या लहान पोरालाही माहीत होतं. मादलेनने माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं. एक क्षण मलाही वाटलं की आईला काहीतरी कळलंय जे मला माहीत नाही, आणि मी नकळत दाराकडे बघितलं.

अबूना तिच्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "उम्म सर्किस, काही बातमी आली का?"

"बातमी जुनी आहे, अबूना," आई म्हणाली. हळू बोलणं तिला कधी जमलंच नाही, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "त्या दिवशी माझी दोन्ही मुलं रस्त्यावर होती. मी एका बांगडीत दोघांना मागितलं. सैदेने एक दिली." तिने मागे न वळता हात माझ्या दिशेला केला. "मी फेडलं नाही. मला भीती वाटली. मी दुसरी बांगडी घातली तर सैदे म्हणेल, झालं आपलं काम, आता हिचं काही मागणं राहिलं नाही. म्हणून मी सैदेला अडवून धरलं. आणि माझी पोरगी आली तेव्हा घंटा वाजली नाही."

प्रवचनात अबूना नेहमी सांगायचे की सैदे काही दुकान मांडून बसलेली नाही. तेच ते आताही म्हणायला लागले, ती रागावली नसेल तुमच्यावर, असं काहीसं.

"ही नाही रागावली," आई म्हणाली. "ती रागावली." पुन्हा हात माझ्याकडे. "बरोबरच आहे तिचं."

मग ती पुन्हा चौकटीकडे वळली. बोटांनी चाचपून, घासून सपाट झालेली कुठली ते ओळखून, तिने दुसरी बांगडी खिळ्यावरून काढली आणि अबूनांच्या हातात ठेवली. "हा विदादचा नवस. फिटला. आता हे सैदेचं आहे, छताला लावा. पहिली तशीच राहू दे. तो यायचाय."

बू फारेस दाराशी घंटेच्या दोरीजवळ उभे होते. आईने त्यांच्याकडे तोंड करून म्हटलं, "बू फारेस, अशा वेळी घंटा वाजवतात ना?"

त्यांनी दोरी दोन्ही हातांनी धरली आणि असे लोंबकळले की त्यांच्या सुनेने त्यांच्या पाठीकडे बघून कपाळाला हात लावला. घंटा वाजली. बायकांनी जिभा फिरवून आनंदाची ललकारी दिली, आधी मादलेनने, मग सगळ्यांनी. पंचावन्नाला आलेली मी, चष्म्यावर चुन्याची धूळ, एका पायात माझी चप्पल आणि दुसऱ्या पायात आईची, आणि माझ्यासाठी घंटा वाजत होती, मी घरी आले म्हणून. मी एवढी रडले की मला त्याची लाजही वाटली नाही. आई परत येऊन बाकावर माझ्या शेजारी बसली. तिच्या मनगटावर बांगडीच्या जागी पांढरा वळ होता. तो मी मिस्सा संपेपर्यंत धरून ठेवला.

अबूनांचं प्रवचन नेहमीएवढंच लांबलं, पण वरून काही टपकलं नाही.

बाहेर हरिसेसाठी रांग लागली होती आणि लोक आम्हाला पुढे बोलावत होते. आईने माझ्या बाहीला झटका दिला. "चल लवकर. घर उघडं आहे."

आम्ही दोघी निघालो. ती घाई करत होती आणि मी मुद्दाम हळू चालत होते, तिचा हात धरून. घराच्या वळणावर आल्यावर ती सवयीने थांबली आणि खाली किनाऱ्याकडून येणाऱ्या रस्त्याकडे तिने तोंड केलं. तिला तिथे दिसण्यासारखं काही उरलेलं नाही, तिला दहा पावलांपलीकडचं माणूस दिसत नाही.

"बघ गं," ती म्हणाली, "कोणी येतंय का."

आजवर मी कधी त्या रस्त्याकडे तसं बघितलं नव्हतं. या वेळी मी तिच्या शेजारी उभी राहिले, आणि रस्ता संपतो तिथपर्यंत बघितलं.